शर्यत तिघींची, वेळ शेवटचीची

मागे एकदा थंडीतल्या स्वयंपाकाच्या लेखात ओघाओघात मी एवढंच लिहून गेले होते की, 'हिवाळ्यात पहाटे स्कीचा सराव असतो, म्हणून भाजी रात्रीच चिरून ठेवते.' झालं! मटारच्या करंज्या बाजूलाच राहिल्या आणि पत्रं आली ती सगळी स्कीबद्दल. नाशिकच्या एका भगिनीने विचारलं आहे की, बर्फावर घसरायला सराव कशाला हवा, ते तर आपोआपच होतं! दुसऱ्या एकीने काळजीने लिहिलंय, 'तुमच्या घरी कुणी हरकत घेत नाही का?' आणि साताऱ्याहून, म्हणजे माझ्या माहेरच्या गावाहून, एका आजींचं दोन ओळींचं पत्र आहे. 'पन्नाशी उलटल्यावर शर्यती कसल्या लावतेस? आणि लावतेस तर नंबर किती येतो ते तरी लिही.'

तर आज करंज्या नाहीत. आज हेच.

आमचं बिऱ्हाड स्वित्झर्लंडमध्ये सिऑन या गावी आहे, हे नेहमीच्या वाचक भगिनींना ठाऊक आहेच. ऱ्होन नदीचं लांबट खोरं, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि त्यांच्यावर डोंगर. इथे लहान मुलं आपल्याकडची मुलं सायकल शिकतात तशी स्की शिकतात. मी मात्र छत्तिसाव्या वर्षी शिकले, तेही धाकट्याला शिकवणीला सोडायला जाऊन काठावर थंडीत कुडकुडत बसायचा कंटाळा आला म्हणून.

नाशिकच्या भगिनींच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही सिनेमात पाहता ती स्की म्हणजे पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. मी म्हणते ती वेगळी. हिला स्की माउंटेनियरिंग म्हणतात. इथे पाळणा नाही. डोंगर आपल्या पायांनी चढायचा, स्की पायात ठेवूनच, आणि मग उतरायचा. तुम्ही म्हणाल, घसरणाऱ्या फळ्या पायात बांधून माणूस वर चढेल कसा? तीच तर गंमत आहे. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. मखमलीच्या ब्लाऊजवरून हात फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर अडतो. अगदी तसं. पट्टी पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ती सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या कातड्याची असे, आता अंगोरा शेळीच्या लोकरीची किंवा नायलॉनची असते. पण इथली माणसं अजून तिला 'सीलचं कातडं' असंच म्हणतात. चढताना बुटाची टाच मोकळी असते, चवडा तेवढा अडकवलेला. माथ्यावर पोचलं की पट्टी ओरबाडून काढायची, जाकिटाच्या आत छातीशी खुपसायची (गोंद गार पडला की पुन्हा चिकटत नाही), टाच बांधायची आणि सुटायचं. निष्णात बाया हा सगळा बदल अर्ध्या मिनिटाच्या आत करतात. मला सुरुवातीला चार मिनिटं लागत. त्यातली दोन हातमोजे शोधण्यात!

या खेळाच्या शर्यती आल्प्स पर्वतात बऱ्याच जुन्या आहेत. इटलीतली मेझालामा १९३३ सालापासूनची आहे. फ्रान्समध्ये पिएरा मेंता म्हणून चार दिवसांची शर्यत असते. २०२१ साली ऑलिंपिकवाल्यांनीही हा खेळ २०२६ च्या इटलीतल्या हिवाळी खेळांसाठी मंजूर केला. पण तिथे ठेवली ती जेमतेम काही मिनिटांची धावाधाव. ती पाहायला छान. आमच्यासारख्या हौशी माणसांचा जीव मात्र लांबच्या शर्यतीत.

आमच्या खोऱ्यातली लांबची शर्यत म्हणजे 'पात्रुई दे ग्लासिए'. अर्थ, हिमनद्यांवरची गस्त. ही मुळात लष्कराची. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, डोंगरी सैनिकांची कसोटी म्हणून सुरू झाली. तिघांचं एक पथक, झेरमाटपासून व्हेर्बिएपर्यंत. १९४९ साली एक अख्खं पथक, तिन्ही जवान, हिमनदीच्या भेगेत पडून दगावलं आणि शर्यत बंद पडली, ती थेट १९८४ साली पुन्हा सुरू झाली. आता दर दोन वर्षांनी, सम साली, एप्रिल महिन्यात होते आणि सैनिकांच्या बरोबरीने साधी माणसंही हजारोंनी येतात. पूर्ण वाट ५७ किलोमीटरच्या वर आणि चढ ४,३०० मीटरहून अधिक. ती माझी कुवत नाही. अर्धी वाटही असते, अरोला गावापासून व्हेर्बिएपर्यंत. सुमारे ३० किलोमीटर, चढ २,००० मीटरच्या पुढे. ती मी २०१८ साली केली. तेव्हा मला चव्वेचाळीस सरून पंचेचाळिसावं लागलं होतं.

पण शर्यतीआधी घर! हरकतीचा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना सांगते, आमच्याकडे हरकत कुणी घेतली नाही. प्रश्न मात्र पुष्कळ विचारले. त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला होत्या. पहाटे पाच वाजता मी दिव्याचा पट्टा कपाळाला बांधून निघाले की त्या दिवाणखान्यात शाल लपेटून बसलेल्या असत.

"अगं, वर काय आहे?"

"काही नाही, आई. वर जायचं आणि खाली यायचं."

"मग कुणी बोलावलंय?"

याला उत्तर नव्हतं. पण तिसऱ्या आठवड्यापासून थर्मासमध्ये आल्याचा चहा भरलेला असे, आणि मी साडेसातला परत येईपर्यंत मुलांचे डबे तयार. ह्यांनी कपडे धुण्याचं काम घेतलं. चांगलं केलं असं म्हणणार नाही, एक लोकरी बनियन बाहुलीला बसेल एवढा करून ठेवला, पण केलं. आठवड्यातून तीनदा, बंद असलेल्या स्कीच्या उतारावरून सहाशे मीटर चढ. अजिंक्यतारा दोनदा चढावा एवढा म्हणा. एवढा एकच अभ्यास, बाकी व्यायामशाळा वगैरे काही नाही.

आमचं पथक तिघींचं. एक बेकरीवाली, ती रात्री दोनला उठून पाव भाजते, म्हणून पहाटेचं तिला अप्रूप नाही. एक शाळेतली शिक्षिका. आणि मी. दोघी याच डोंगरात वाढलेल्या. तेव्हा सगळ्यांत हळू कोण, हा प्रश्न आमच्यात कधी निघालाच नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

आणि इथेच या शर्यतीची खरी मेख आहे. वेळ धरतात ती पथकाची. म्हणजे तिसरी व्यक्ती रेषा ओलांडेल तेव्हाची. पहिली दोघी कितीही भरभर गेल्या तरी उपयोग शून्य. वाटेत ठरावीक चौक्या असतात, तिथे ठरावीक वेळेच्या आत पोचलं नाही तर पथकाला तिथेच थांबवतात. म्हणजे माझा दम, माझे पाय, माझा जड श्वास ह्या माझ्या खासगी गोष्टी राहत नाहीत. तुम्ही एकत्र कुटुंबात नांदला असाल तर मी काय म्हणते ते लगेच समजेल.

अरोला गावच मुळी २,००० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. आम्ही निघालो तेव्हा अजून उजाडायचं होतं. पुढे पाहावं तर डोंगरावर कपाळाच्या दिव्यांची एक ओळ नागमोडी वर गेलेली. मला आळंदीच्या वाटेवरची कंदिलांची ओळ आठवली, पण इथे कुणी गात नव्हतं. ऐकू येत होती ती पट्ट्यांची बर्फावरची खसखस आणि श्वास. उभ्या चढावर वाट वळणावळणाची असते आणि प्रत्येक वळणावर एक पाय उचलून उलट दिशेला ठेवून दुसरा त्याच्यामागे झटक्याने फिरवावा लागतो. नऊवारी नेसून जिना उतरताना वळलं तर कसं जपून वळावं लागेल, तसं. मागे रांग खोळंबलेली. पडलं तर कुणी रागावत नाही, पण सगळे पाहतात.

पहिली खिंड रीडमाटेनची, २,९१९ मीटर. पलीकडे इतका उभा उतार की दोर लावलेले असतात. स्की काढून, दोर धरून, एकेक पाऊल. ते एकदाचं झालं की लाक दे दिस नावाच्या तलावाच्या कडेने लांबच लांब आडवी वाट लागते. हा तलाव ग्रांद दिक्सांस धरणाचा. धरण २८५ मीटर उंच. आपल्या कोयनेचं १०३ मीटर, म्हणजे कल्पना करा. पाहायला सुंदर, पण चालायला कंटाळवाणं. चढ नाही, उतार नाही, एक पाय सतत वर आणि एक खाली. डाव्या कमरेत माझी उसण तिथेच भरली. मी हळूहळू मागे पडत गेले, दहा पावलं, वीस पावलं. दोघी थांबत, मी पोचले की निघत. थांबणाऱ्यांना विसावा मिळतो आणि पोचणारीला मिळत नाही, हा त्यातला अन्याय कुणी मुद्दाम करत नाही, तो आपोआप होतो.

तलाव संपला, ला बार्मा इथे पुढचा मोठा चढ सुरू होणार. तिथे बेकरीवालीने आपल्या पाठपिशवीला मागे बांधलेली रबरी दोरी सोडली आणि दुसऱ्या टोकाची कडी माझ्यापुढे धरली.

ही दोरी नियमाबाहेरची नाही बरं का. या शर्यतींत ती सर्रास वापरतात. सायकलच्या कॅरियरला लावतो तशी ताणणारी दोरी; बळकट माणूस पुढे, दमलेला मागे. सरावात आम्ही ती वापरून पाहिली होती. पण सरावात मी पुढे होते, गंमत म्हणून. आज हातात कडी आली आणि माझा हात काही कमरेच्या पट्ट्याकडे जाईना. तुम्ही हसाल, पण मनात काय आलं सांगते. वीस वर्षं संसार केला. आजारपणं काढली, परक्या मुलखात परक्या भाषेत मुलांच्या शाळा केल्या, ह्यांची नोकरी गेली तेव्हा दुसऱ्यांच्या घरी शिवणकाम केलं. सगळ्यांना ओढत आणणारी मी. मला कुणी ओढत न्यायचं म्हणजे? मी म्हणाले, "पाच मिनिटं द्या, मी येते."

शिक्षिकेने घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ही पाच मिनिटं तुझी एकटीची नाहीत."

ती रागाने म्हणाली असती तर मी रागावले असते. ती मुलांना गणित सांगते तशा आवाजात म्हणाली. मी कडी अडकवली.

आता ही दोरी काय करते ते नीट सांगते, कारण मलाही आधी गैरसमज होता. ती काही विहिरीतून कळशी ओढावी तसं तुम्हाला ओढत नाही. चढायचं तुम्हालाच. ती फक्त पाऊल टाकल्यानंतर येणारी ती क्षणभराची ढिलाई काढून घेते, जिथे आपण 'जरा थांबू' म्हणतो ना, तिथे. पाळण्याच्या दोरीसारखी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पुढचीलाही सगळं कळतं. मी अडखळले की तिच्या कमरेला झटका, ती जोरात गेली की माझ्या कमरेला. पहिली दहा मिनिटं आम्ही दोघी एकमेकींना हिसके देत होतो. मग न बोलता एक चाल जमली. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मी तिच्या पाठपिशवीवरच्या एका फुलाच्या चित्राकडे बघत चाललेय आणि कमरेची उसण आहे तिथेच आहे, पण तिची विचारपूस करायला मला सवड नाही.

रोझाब्लांश डोंगराच्या घळीत बर्फात पायऱ्या खोदलेल्या असतात. शेकडो पायऱ्या, अगदी उभ्या. स्की पाठीला बांधून पायी चढायचं. वर, ३,१६० मीटरवर, माणसं जमलेली असतात, गाईंच्या गळ्यातल्या मोठाल्या घंटा वाजवत. त्यांतल्या बहुतेक जणांनी स्वतः स्कीवरून ती उंची गाठलेली असते, दुसऱ्यांना ओरडून हुरूप देण्यासाठी. एक म्हातारे गृहस्थ मला पाहून फ्रेंचमध्ये ओरडले, "चला वहिनी, चला!" म्हणजे 'मादाम' म्हणाले, पण आवाजात वहिनीच होतं. एवढ्या माणसांत साडीच्या देशाची मी एकटीच दिसले असेन. तिथे रडू आलं ते आलंच. थंडीत डोळ्यांत पाणी येतंच, म्हणून कुणाला कळलं नाही.

पुढे एक छोटी खिंड, मग लांबलचक उतार, आणि खाली व्हेर्बिएत एप्रिलचं वितळतं मऊ बर्फ. शेवटी तर स्की हातात घेऊन गावातून जड बुटांनी पळायचं. तिघी हात धरून रेषेपार गेलो. सहा तास छप्पन्न मिनिटं. साताऱ्याच्या आजी, नंबर विचाराल तर तो मी पाहिला नाही. यादी भिंतीवर लावली होती, पण तोपर्यंत मी सूप पीत होते. मात्र एक सांगते. त्याच वर्षी पहिल्या आलेल्या बायकांच्या पथकाने झेरमाटपासूनची पूर्ण वाट सव्वासात तासांत केली. म्हणजे आम्हाला निम्म्या वाटेला लागला तेवढ्याच वेळात! यात वाईट वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. लताबाई गात होत्या म्हणून आपण ओवी म्हणायची थांबलो होतो का?

आता थोडं कामाचं. हिमाचल-काश्मीरकडे जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

खाण्याचं म्हणाल तर गुळाची चिक्की थंडीत दगड होते, दात जाईल. शेंगदाण्याचा लाडू बरा, पण तोही बाहेरच्या खिशात नको. आतल्या, अंगालगतच्या खिशात. खजूर उत्तम. दर अर्ध्या तासाने एक, भूक नसली तरी. पाण्याची नळी असेल तर घोट घेतल्यावर उलट फुंकर मारून नळीतलं पाणी परत पिशवीत ढकलायचं, नाहीतर ते नळीतच गोठतं. अंगालगत सुती कधीच नको. सूत घाम धरून ठेवतं आणि तोच मग गार पडतो. पातळ लोकर. (गार पाण्यात, हलक्या हाताने, पिळू नये. आमच्या ह्यांना हे आता पाठ आहे.) शर्यतीचा पोशाख बहुतेक जणी एकसंध घालतात, मी वर-खाली वेगळा घेते, कारण वर कमरेचा पट्टा असतो आणि बायकांच्या जातीला अडचणीच्या वेळी एकसंध पोशाख म्हणजे शिक्षा. मंगळसूत्र मी घरी डबीत ठेवून जाते. उणे तापमानात धातू अंगाला चटका देतो.

आणि एक वस्तू, जिच्याशिवाय मी पहाटेच्या सरावालाही उंबरठा ओलांडत नाही. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाचा माग लावणारं यंत्र, छातीशी बांधायचं. सोबत फावडं आणि घडीची लांब सळई. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर आशा असते, पुढे ती झपाट्याने मावळते; म्हणजे वाचवणार ते बरोबरचेच, हेलिकॉप्टर नव्हे. इथे हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला धोक्याचं पत्रक निघतं, एक ते पाच अशा पायऱ्यांत. आमच्या घरी ते पाहूनच दुसऱ्या दिवशीचं ठरतं.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. मार्च २०२४ मध्ये, शर्यतीला महिनाभर असताना, सहा जण झेरमाटहून अरोलाकडे सरावाला निघाले आणि टेट ब्लांशजवळ वादळात सापडले. पाच जण मृत सापडले, सहावी व्यक्ती त्या वेळच्या शोधात मिळालीच नाही. त्यांतली बहुतेक माणसं याच खोऱ्यांतली होती, डोंगर जाणणारी. बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही तिघी बेकरीच्या मागच्या खोलीत बसलो होतो. कुणी काही बोललं नाही. मग शिक्षिकेने वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, किती वाजता कुठे नसलो तर मागे फिरायचं, आणि वाऱ्याचा अंदाज किती असला तर निघायचंच नाही. खाली तिघींनी सह्या केल्या. तिच्या अटीत एक कलम असं होतं की, फिरायचं का याची चर्चा करायची नाही. एकीने म्हटलं की तिघी फिरल्या. त्या वर्षी आम्ही शर्यतीत नाव दिलं नाही. घरी मी ते पान वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "पहिल्यांदा कोण म्हणेल ते ठरवलंय का?" ठरवलं नव्हतं. सासूबाईंना हे बरोबर कळतं. कारण 'पुरे' हा शब्द पहिल्यांदा उच्चारणं बायकांना किती जड जातं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढच्याच हिवाळ्यात एका पहाटे, वारा सुटला असताना, तो मी उच्चारला. दोघींनी एक अक्षर न बोलता पट्ट्या काढल्या. बेकरीत परत येऊन गरम पाव खाल्ला आणि नऊ वाजता जो तो आपापल्या कामाला.

मध्यंतरी बेकरीवालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता सरावात चढावर दोरीचं पुढचं टोक माझ्याकडे असतं. मागच्या माणसाचं वजन कमरेला कसं कळतं ते ती मला तेव्हा सांगायची, आता मलाच कळतं. ती दमली की बोलायची थांबते. तेवढी खूण पुरे. मग मीही पाऊल आखडतं घेते आणि खिशातला खजूर मागे करते.

पुढच्या वेळी मटारच्या करंज्या नक्की. आणि थंडीने पायांना पडणाऱ्या भेगांबद्दल ज्या चौघींनी लिहिलंय, त्यांनी धीर धरावा; कोकमाच्या तेलाची माझी कृती त्याच लेखात देईन.